दोन क्वार्टरबॅक, एक जागा

मंगळवार

फँटसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा आपला संघ लावायचा आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. संघात क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, जागा एक आणि हाताशी दोघं असतील तर कोणाला खेळवायचं? आधी लीगचे नियम उघडायचे, खेळाडूंची नावं नंतर. पासच्या टचडाउनला (फेकलेला चेंडू गोलरेषेपार गेला की) 4 गुण की 6, एवढ्या एका ओळीवर निवड फिरते. 25 पासिंग (फेकून मिळवलेल्या) यार्डांना 1 गुण, 10 रशिंग (धावून मिळवलेल्या) यार्डांना 1 आणि इंटरसेप्शनला (पास प्रतिस्पर्ध्याने पकडला तर) उणे 2, असा नेहमीचा हिशोब धरू. पहिला क्वार्टरबॅक 'पॉकेट'मध्येच, म्हणजे आपल्या रक्षकांच्या आडोशाला, उभा राहून फेकणारा: 260 यार्ड, 2 टचडाउन, 1 इंटरसेप्शन. दुसरा पळणारा: पासचे 190 यार्ड, 1 टचडाउन आणि धावून 60 यार्ड. टचडाउनला 4 गुण असतील तर 16.4 विरुद्ध 17.6, पळणारा पुढे. 6 असतील तर 20.4 विरुद्ध 19.6, फेकणारा पुढे. माणसं तीच, खेळ तोच.

4 गुणांच्या लीगमध्ये शंका असेल तर मी पायांच्या बाजूने. लामार जॅक्सन या पळणाऱ्या क्वार्टरबॅकने 2019 मध्ये 15 सामन्यांत धावून 1,206 यार्ड काढले, म्हणजे एकही पास न मोजता सामन्याला सरासरी 8 गुण. त्याचा हात एखाद्या दिवशी चालला नाही तरी आठवडा बुडत नाही.

गुरुवार

प्रतिस्पर्धी बचाव क्वार्टरबॅकला किती गुण देतो, हा तक्ता सगळेच बघतात. पहिल्या चार-पाच आठवड्यांत तो जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण त्या बचावाला तोवर कोण भेटलं यावरच तो ठरतो. त्यापेक्षा सट्टेबाजारातले दोन आकडे जास्त बोलतात. एकूण गुणांचा अंदाज 48 आणि संघ 4 गुणांनी वरचढ असेल, तर 48 चे अर्धे 24, त्यात 4 चे अर्धे 2 मिळवा: त्या संघाकडून 26, समोरच्याकडून 22. वीसच्या खाली अंदाज असलेल्या संघाचा क्वार्टरबॅक दुसरा पर्याय असताना का खेळवायचा?

शुक्रवार

आज दुखापतींचा शेवटचा अहवाल. क्वार्टरबॅकचं नाव सगळे शोधतात. त्याच्या डाव्या टॅकलचं (त्या बाजूने चालून येणाऱ्यांना अडवणाऱ्याचं) मात्र कुणी बघत नाही, आणि तो बाहेर असला तर चेंडू फेकायला वेळच उरत नाही.

हवामानात पावसाला लोक उगाच घाबरतात; घाबरायचं ते वाऱ्याला. 6 डिसेंबर 2021 ला बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये सोसाट्याच्या वाऱ्यात पेट्रियट्स संघाच्या क्वार्टरबॅक मॅक जोन्सने अख्ख्या सामन्यात तीनच पास टाकले, 19 यार्ड मिळवले. संघ 14-10 असा जिंकला. फँटसीत ते 19 यार्ड म्हणजे 0.76 गुण! ताशी 20 मैलांच्या वर वारा असेल तर लांब पासवर जगणाऱ्याला बेंचवर बसवावं. डेट्रॉइट किंवा मिनेसोटाच्या छताखाली सामना असेल तर ही कटकटच नाही.

रविवार

एवढं करूनही दोघांत गुणा-दोन गुणांचाच फरक उरला, तर लीगमधल्या समोरच्याचा संघ बघायचा. आपण कमजोर असू तर एखाद्या दिवशी 30 काढणारा घ्यायचा, मग त्याचे कधी 9 आले तरी चालतील. वरचढ असू तर दर आठवड्याला 17-18 देणारा.

कोण खेळणार नाही याची यादी सामन्याच्या 90 मिनिटं आधी येते. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेने दुपारी एकच्या सामन्यांसाठी ती भारतात रात्री 9 ला, आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की 10 ला. खरा घोळ उशिराच्या सामन्यांत होतो. शंकेतला क्वार्टरबॅक त्याच अमेरिकी वेळेने 4:25 च्या सामन्यात असेल तर त्याची यादी 2:55 ला लागते, आणि बेंचवरचा पर्याय एकच्या सामन्यातला असेल तर तो तोवर लॉक झालेला असतो, म्हणजे त्याला आता संघात घेता येत नाही. म्हणून अशा आठवड्यात पर्यायही 4:25 चा किंवा रविवार-सोमवार रात्रीच्या सामन्यातला हवा. वेव्हरवर (कुणाच्याच संघात नसलेल्यांच्या यादीत) तसा कोणी उरला नसेल, तर एक वाजायच्या आत धडधाकट माणूस लावून मोकळं व्हावं.