रेषेची जाडी

आमच्या आणि पलीकडच्या काकांच्या मध्ये एक भिंत आहे. साधीच, विटांची, नऊ इंची, छातीएवढी उंच. ती कुणी बांधली हे आता नक्की कुणालाच सांगता येत नाही, म्हणजे आमची आई म्हणते आपण, काकू म्हणतात त्यांनी, पण प्लास्टर सुटलंय जरा बघायला हवं असं कुणी म्हटलं की दोन्हीकडचे एकदम उदार होतात, छे छे, तुमचीच ती, आमचा काय संबंध.

या भिंतीच्या डोक्यावर काकांच्या कुंड्या असतात. अकरा आहेत. मी मोजल्यात. कुंड्या त्यांच्या, झाडं त्यांची, फुलंही त्यांच्याचकडे तोंड करून (ऊन तिकडून येतं, त्यात झाडाचा दोष नाही), आणि पाणी मात्र आमच्याकडे. रोज सकाळी पावणेसातला काका पाणी घालतात आणि सातला आमच्या बाजूला टप टप सुरू होतं, खाली आमच्या चपला असतात, सायकल असते, एकदा मुलाची शाळेची बॅग होती. भिंतीला मग हिरवट काळे ओघळ, त्यावर शेवाळं, मग पोपडे. तिकडून बघाल तर भिंत नवी नवरी, दर दोन वर्षांनी रंग. तो रंग देतानाचे ओघळही आमच्याच बाजूला आलेत म्हणा, तेवढाच काय तो आमच्या वाट्याचा रंग.

पहिल्यांदा मी अगदी हसत हसत सांगितलं, "काका, कुंड्यांखाली ताटल्या ठेवता का, पाणी आमच्याकडे येतं." तर काका म्हणाले, "अरे, पाणी उताराने जाणारच." एवढंच. हे असं वाक्य आहे ना, की त्याला उत्तरच नाही, कारण ते खरंच आहे. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, झाडांमुळे तुमच्याकडेही गारवा येतो की. तिसऱ्यांदा मी मेसेज केला, फोटोसकट, त्यावर त्यांनी फुलाचं चित्र आणि सुप्रभात पाठवलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फक्त इथे घडा सरळ होता आणि त्याला खाली भोकं होती.

शेजाऱ्यांच्या त्रासाचं एक विचित्र असतं बघा. कुणाला सांगायला जावं तर तो फारच किरकोळ वाटतो. कुंडीचं पाणी येतं, झाडाची पानं पडतात, तिकडून झाडलेला कचरा बरोबर हद्दीवर येऊन थांबतो आणि मग वाऱ्याच्या नावाने आपल्याकडे येतो. ऐकणारा म्हणतो, एवढंच ना? हो, एवढंच. पण ते एवढंच रोज असतं. आणि खरं सांगू का, चीड पाण्याची येतच नाही, चीड येते ती विचारलं नाही याची. भिंतीवर कुंड्या ठेवू का, असं एकदा जरी विचारलं असतं तर मीच दोन उचलून दिल्या असत्या. न विचारता ठेवल्या म्हणून मी आता त्या मोजतो.

शेतातल्या लोकांकडे यासाठी नेमका शब्द आहे, बांध कोरणे. दर वर्षी नांगरताना बांधाचा वीतभर तुकडा आपल्यात घ्यायचा. यंदा वीत, पुढल्या वर्षी वीत, कुणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि मग एक दिवस लक्षात येतं की बांध राहिलाय तेवढाच पण सरकलाय. काकांनी बांध कोरला नाही, त्यांनी भिंत वापरायला घेतली. आधी एक कुंडी, मग तीन, मग कपड्याच्या दोरीसाठी खिळा (तो आरपार आमच्याकडे निघाला, मी त्याला काही दिवस छत्री अडकवत होतो), मग पावसाच्या पाण्याचा पाईप, ज्याचं तोंड भिंतीच्या बरोबर टोकाला. बोट दिलं की मनगट, आणि इथे तर बोटही दिलेलं नव्हतं.

तर एका रात्री झोप येईना म्हणून मी मोबाईलवर जगातले शेजारी आणि त्यांची भांडणं वाचत बसलो. फार बरं वाटतं असं वाचून, कुणीही करून बघा. इंग्लंडमध्ये १८९४ साली फांद्यांचं प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं होतं आणि ठरलं काय, तर शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली तर आपल्याला हद्दीपुरती छाटता येते, त्याला आगाऊ कळवलं नाही तरी चालतं. मात्र तोडलेली फांदी झाडवाल्याचीच, ती आपल्याला ठेवून घेता येत नाही. फ्रान्समध्ये उलटं. तिथे फांदी आपण स्वतः तोडायची नाही, शेजाऱ्याला तोडायला लावायची, पण मुळं आत आली तर ती मात्र खुशाल आपण तोडावी. आणि फळ आपणहून गळून आपल्याकडे पडलं तर ते आपलं. हे मुळांचं वाचून मी जरा दचकलो, कारण मुळं फांद्यांच्या घेराच्याही कितीतरी बाहेर पसरलेली असतात, दुप्पट-तिप्पट सुद्धा, म्हणजे काकांच्या मोठ्या झाडाची मुळं बहुतेक आत्ता माझ्या पलंगाखाली होती.

आणि मग मला ते कलम सापडलं. फ्रेंच लोकांचा १८०४ चा नागरी कायदा आहे, त्यात दोन घरांमधली भिंत नक्की कुणाची हे ओळखायच्या खुणा दिल्यात. त्यातली एक खूण अशी की भिंतीचं डोकं एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उतरतं असेल, तर ज्याच्याकडे उतार आहे, म्हणजे ज्याच्याकडे पाणी पडतं, त्याची ती भिंत मानायची. आमच्या भिंतीच्या डोक्यावरच्या सिमेंटला उतार एकाच बाजूला आहे. आमच्या! म्हणजे पाणी आमच्याकडे पडतं म्हणूनच भिंत आमची. जो बांधतो तो आपलं पाणी आपल्या अंगणात घेतो, शेजाऱ्याच्या नाही, असा त्यामागचा विचार असणार. किती सभ्य विचार आहे. मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "आपण फ्रान्समध्ये राहतो का?" आणि कूस बदलली.

तेव्हा कळलं की आपण कडेलोटाच्या टोकावर आहोत. पण अजून थोडं वाचलं. मेसोपोटेमियात लगश आणि उम्मा म्हणून दोन शेजारी नगरं होती, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यांचं हद्दीवरून आणि पाण्यावरून पिढ्यानपिढ्या चाललं होतं. किश नावाच्या तिसऱ्या नगराच्या राजाने मध्ये पडून हद्दीचा दगड रोवून दिला. उम्मावाल्याने तो उपटला. मग युद्ध, मग नवा दगड, मग पुन्हा तेच. हे सगळं लगशवाल्यांनी मातीच्या शंकूवर बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, आणि ते आज लूव्रच्या म्युझियममध्ये आहे. लक्षात घ्या, लिहिलंय ते लगशवाल्यांनी. उम्मावाल्यांचं म्हणणं काय होतं ते बिचाऱ्यांच्याच शंकूवर असणार. हा लेखही तसाच समजा, काकांनी लिहिला तर अकरा कुंड्यांचं कारण वेगळं निघेल.

प्रकरण पुढे गेलं ते मातीमुळे. काकांनी बाग करायची म्हणून त्यांच्या बाजूला भराव घातला, चांगला दोन फूट. माती आणून भिंतीला लावून ओतली आणि वर हिरवळ. दिसायला छान. पण कुंपणाची भिंत ही नुसती उभी राहायला बांधलेली असते हो, कुणाला रेटून धरायला नाही. एका बाजूला माती भरली की ती आडवी ढकलायला लागते, आणि पावसाचं पाणी त्या मातीत साचलं की रेटा आणखी वाढतो. म्हणून अशी माती अडवणारी भिंत वेगळ्या हिशोबाने बांधतात, जाड, आणि पाणी निघून जायला खाली भोकं ठेवून. आमच्या भिंतीला ना ती जाडी ना भोकं. दुसऱ्या पावसाळ्यात तिला मध्येच पोट आलं. मी रोज सकाळी ओळंबा लावून बघायचो, दोरीला नट बांधून केलेला, आणि वहीत तारीख घालून लिहायचो. आता मात्र बायकोही बाहेर येऊन बघायला लागली.

भिंत पडली तर बांधायची कुणी, या प्रश्नाने काकाही जरा जमिनीवर आले. ठरलं की मोजणी करून घेऊ. त्याआधी मी उतावळेपणाने फोनच्या जीपीएसवर स्वतःच मोजून बघितलं होतं. ते फोनचं जीपीएस उघड्या आकाशाखाली सुद्धा पाचेक मीटर इकडे तिकडे होतं हे मला नंतर कळलं. त्या दिवशीच्या हिशोबाने मी काकांच्या बैठकीच्या खोलीचा मालक होतो, आणि मधले दोन दिवस मी त्यांच्याकडे फार मोठ्या मनाने बघत होतो.

मोजणीवाला आला तो तिपाई, त्यावर दुर्बिणीसारखं यंत्र, आणि एक काठी धरणारा पोरगा घेऊन. दोन्ही घरं अंगणात. काकूंनी त्याला सावलीत खुर्ची दिली, तर आईनेही आतून खुर्ची आणली, तो बिचारा शेवटपर्यंत उभाच राहिला. तीन तास मोजलं. निकाल असा, की भिंत सरळ नाहीच. पुढच्या बाजूला ती चार बोटं आमच्यात आहे आणि मागच्या बाजूला चार बोटं त्यांच्यात. खरी हद्द भिंतीला मध्येच कुठेतरी छेदून तिरकी जाते. ज्याने बांधली, आमच्यापैकी जो कुणी असेल तो, त्याने दोरी नीट ताणली नव्हती.

आता काय करायचं म्हणून आम्ही दोघंही नकाशावर वाकलो. मी विचारलं, ही रेष आहे तिची कुठली कड धरायची, इकडची की तिकडची? तर तो माणूस हसला. म्हणाला, साहेब, नकाशा एकास पाचशेचा आहे. ही शाईची रेष अर्धा मिलिमीटर जाड धरा. जमिनीवर तिची जाडी झाली २५ सेंटिमीटर. तुमची भिंत २३ ची. तुमचं इकडे चार बोटं आणि तिकडे चार बोटं, सगळं रेषेच्या आत आलं.

मी पेन्सिलीने समासात गुणाकार करून बघितला. बरोबर होतं. शाळेत शिकवलेलं, रेषेला फक्त लांबी असते, जाडी नसते. आणि इथे आम्ही काका-पुतण्यासारखी माणसं इतकी वर्षं भांडत होतो ती एका पेनाच्या टोकात. शिवाय भिंत जमिनीवर नऊ इंच असली तरी खाली पाया दीड-दोन फूट रुंद असतो, म्हणजे तो दोन्हीकडे गेलेलाच आहे, ते त्याने वर आणखी सांगितलं. काका म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो." काय म्हणत होते ते मला अजून आठवत नाही.

त्यानंतर अळीमिळी गुपचिळी. भिंत नक्की कुणाची हा विषय दोन्ही घरात बंद झाला, कारण पुढचं टोक मागितलं तर मागचं द्यावं लागतं. काकांनी भराव भिंतीपासून हातभर मागे घेतला, म्हणजे माणसं लावली आणि चार दिवस आमच्या खिडकीखाली फावडी वाजली, पण घेतला. पोट आलेला भाग दोघांनी मिळून उतरवून पुन्हा बांधला. गवंड्याने विचारलं, वरचा उतार कुणाकडे देऊ? मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "होता तसाच दे की." मी फ्रान्सचं कलम आठवून गप्प बसलो.

कुंड्या अर्थातच परत आल्या. आता तेरा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण मी भांडलो नाही, एक जुनी पत्र्याची बादली आणून बरोबर टप टप पडतं तिथे ठेवली. संध्याकाळपर्यंत अर्धी भरते आणि ते पाणी मी आमच्या दारातल्या वेलाला घालतो. वेल चांगला वर चढलाय, आणखी थोडा चढला की भिंतीच्या पलीकडे जाईल, मी त्याला आधार वगैरे मुद्दाम देत नाहीये, पण अडवतही नाही.

परवा सकाळी काका भिंतीवरून डोकावले. चेहरा ओढलेला. मला वाटलं तब्येत बरी नाही की काय.

"अरे," म्हणाले, "ती बादली जरा सरकव ना. पत्र्यावर पाणी पडतं त्याचा केवढा आवाज येतो. काकूंना रात्रभर झोप नाही."