'अनमॅनेज्ड' या एका शब्दापायी

नेटवर्क मॅनेजर, म्हणजे लिनक्समध्ये वायफायच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तरी खरं सांगायचं, तर त्याने पहिल्या मिनिटालाच उत्तर दिलं होतं. मलाच ते कळलं नाही.

लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, तेव्हा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-आयकॉनांचा पडदा, घेतला नव्हता, तो नंतर चढवला. घरचं वायफाय व्यवस्थित चालू. मग दुसऱ्या वायफायला जोडायची वेळ आली, तर आयकॉनवर यादीच येईना. नेटवर्क मॅनेजरची कमांड 'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' चालवली. वायफाय कार्डापुढे लिहिलेलं: अनमॅनेज्ड.

मी धरून चाललो की कार्डच बिघडलं. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. वायफाय बंद केलंय का ते सांगणारं 'आरएफकिल लिस्ट' पाहिलं, सॉफ्टवेअरमधून आणि बटणाने, दोन्हीकडे 'नो'. म्हणजे वायफाय कुठे बंद केलेलं नव्हतं. नेटवर्क मॅनेजरची सर्व्हिस किती वेळा रीस्टार्ट केली, मोजलं नाही. मशीनही. संध्याकाळ गेली, जेवण गार झालं. ड्रायव्हर नसेल, तर कार्ड त्या यादीत दिसतच नाही. फर्मवेअर (कार्डात भरायचा प्रोग्राम) नसेल, तर तिथे 'अनअव्हेलेबल' येऊ शकतं. 'डिस्कनेक्टेड' म्हणजे कार्ड तयार आहे, फक्त जोडलेलं नाही. आणि 'अनमॅनेज्ड' म्हणजे याला हात लावू नको असं कुणीतरी नेटवर्क मॅनेजरला सांगून ठेवलंय. हा फरक आधी कळता, तर ड्रायव्हरच्या वाटेला गेलोच नसतो.

शेवटी सिस्टीमच्या नोंदी दाखवणारं जर्नलसीटीएल उघडून नेटवर्क मॅनेजरच्या ओळी वाचल्या. त्यात 'इफअपडाउन' (नेटवर्क जोडायची डेबियनची जुनी पद्धत) आणि पुन्हा तोच 'अनमॅनेज्ड'. धागा सापडला. डेस्कटॉपशिवाय डेबियन टाकलं, की इन्स्टॉलर वायफायचं नाव आणि पासवर्ड 'ईटीसी' या सेटिंग्जच्या फोल्डरात असलेल्या 'नेटवर्क' फोल्डरातल्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये लिहून ठेवतो. तिथे नाव असलेल्या कार्डाला नेटवर्क मॅनेजर शिवतच नाही. माझा पासवर्ड तिथे उघडावाघडा बसला होता!

'इफडाउन' कमांडने जोडणी सोडली, त्या फाइलमधल्या कार्डाच्या ओळी वाचल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्यापुढे हॅश (#) लावले, 'एलओ'च्या (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीच्या) ओळी तशाच ठेवल्या, सर्व्हिस रीस्टार्ट केली. यादी आली. दोन मिनिटांचं काम.

हो, फाइलची प्रत आधी काढून ठेवा. आणि हे मशीनसमोर बसूनच करा. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने आत शिरून, केलंत तर 'इफडाउन' म्हणताच तुम्हीच बाहेर पडाल. नव्या वायफायला कमांडने जोडणार असाल, तर एनएमसीएलआयला 'आस्क' पर्याय द्या, म्हणजे पासवर्ड तो विचारून घेतो, टाइप केलेल्या कमांडांच्या हिस्टरीत राहत नाही. एकदा उघडा पडलेला पासवर्ड मी त्याच रात्री बदलला.