विमान कंपनीकडे तिकिटं सोडून काहीही मागा

परळच्या आमच्या मल्लखांब मंडळाला एका विमान कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्याने नफ्यातून समाजकामासाठी काढायचा पैसा, मिळाला. गाद्या आल्या, दोरीच्या मल्लखांबासाठी नवे दोर आले, सरांच्या वर्षभराच्या मानधनाचा प्रश्न सुटला. तरीही त्या कंपनीच्या 'ब्रँड टीम'चं नाव निघालं की माझं डोकं फिरतं.

मागणी साधी होती. आमच्या मुलींची ईशान्येकडच्या एका स्पर्धेसाठी निवड झाली होती. रेल्वेने जायला अडीच दिवस, यायला तेवढेच, आणि परत आल्या की लगेच शाळेची परीक्षा. कंपनीची विमानं तिकडे रोज जातात. म्हटलं, मुलींपुरती तिकिटं द्या, बाकीचं आम्ही बघतो.

कागदपत्रांचं रडगाणं गात नाही, ती होती. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं, १२ए आणि ८०जी ही आयकर खात्याची प्रमाणपत्रं हातात, तीन वर्षांहून जुनं काम दाखवता येत होतं. सीएसआर-१ हा निधी घेणाऱ्या संस्थेच्या नोंदणीचा फॉर्म आमच्या सीएंनी डिजिटल सहीने भरून दिला. १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे, त्याचा नोंदणी क्रमांक नसेल तर कुठलीही कंपनी पुढे बोलत नाही.

अडलं ते पुढे.

सीएसआरच्या मॅडम बोलायला चांगल्या. म्हणाल्या, "सर, खेळाचं प्रशिक्षण आमच्या यादीत बसतं, पण तिकीट नाही बसत. कायद्याला खर्च दिसावा लागतो. सीट फुकट दिली तर तिची किंमत लावून ती सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. तुम्ही ब्रँडवाल्यांशी बोला." म्हणजे विमान कंपनीकडे जे ढिगाने आहे, तेच द्यायला सगळ्यात अवघड!

ब्रँडवाला तरुण उत्साही होता. "तिकिटं होऊन जातील काका. फक्त मुलींच्या पोशाखावर आमचा लोगो, विमानाजवळ एक फोटो आणि एक रील." मी आनंदाने हो म्हणालो. पालकांच्या ग्रुपवर बातमीही टाकली.

आठवड्याभरात मॅडमचा फोन. "सर, लोगो आला की ते प्रायोजकत्व झालं. जाहिरातीच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. आता तुमचा गाद्यांचा प्रस्तावही लीगलने थांबवलाय." मी म्हटलं, मग लोगो काढून टाका. त्यावर ब्रँडवाला म्हणाला, "लोगो नाही तर आमच्या बजेटमधून कशाला?" हा म्हणतो त्यांना विचारा, त्या म्हणतात त्याला विचारा. अंधेरीच्या त्यांच्या ऑफिसातला सिक्युरिटीवाला माझं नाव न विचारता वहीत लिहायला लागला. दोन्ही खाती एकाच मजल्यावर, मध्ये एक कॉफीचं मशीन. उठून चार पावलं जाऊन बोलायला कोणी तयार नाही, सगळं मेलवर, आणि प्रत्येक मेलमध्ये नवा माणूस जोडलेला. तोवर आमची फाइल टांगत्या मल्लखांबासारखी गरगरत होती.

एका संध्याकाळी चिडून मी मुलींना एअर इंडियाची गोष्ट सांगितली. सरकारी असताना ही कंपनी खेळाडूंना चक्क नोकरीवर घ्यायची, हॉकीतला धनराज पिल्लै त्यातलाच. हुसेन, गायतोंडे यांची चित्रं विकत घ्यायची. १९६७ मध्ये स्पेनचा चित्रकार साल्वादोर दालीने त्यांच्यासाठी राखदाणी घडवली आणि मोबदल्यात मागितलं हत्तीचं पिल्लू. तेही पाठवलं! हत्ती पोचतो, आमच्या मुली पोचत नाहीत.

शेवटी आमच्या सीएंनी वाट काढली. दोन वेगळे अर्ज. सीएसआरकडे फक्त मानधन, गाद्या आणि दोर, त्यात प्रवास नाही, लोगो नाही. ब्रँडकडे तिकिटांचं स्वतंत्र पत्र, त्यात गाद्यांचा उल्लेखही नाही. पहिला अर्ज कंपनीच्या सीएसआर समितीच्या पुढच्याच बैठकीत मंजूर झाला. दुसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. तिकिटं पालकांनी आणि परळच्या दुकानदारांनी वर्गणी काढून घेतली, दुसऱ्या कंपनीची. मुद्दाम.

तुम्हीही कुठल्या विमान कंपनीकडे मागायला जाणार असाल, तर आधी तिचे गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद बघा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे सीएसआरसाठी जे दोन टक्के काढायचे ते या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर, आणि विमान कंपन्या तोट्यात कधी जातील सांगता येत नाही. सरासरीच तोट्यात असेल तर सक्तीने द्यायचं काहीच उरत नाही. सीएसआर समितीत कोण आहे आणि कुठले प्रकल्प मंजूर झालेत, हे वेबसाइटवर टाकणं त्यांना बंधनकारक आहे. ते वाचलं की कंपनीचा कल शाळांकडे आहे की खेळांकडे, ते कळतं.

हो, आणि पत्रात 'स्पर्धा' कमी लिहा, 'प्रशिक्षण' जास्त. मल्लखांब २०२२ च्या पंचकुला खेलो इंडियात होता, हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. समितीतल्या सगळ्यांना मल्लखांब माहीत असतोच असं नाही. अर्ज आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला टाका. मार्चमध्ये तिथे कोणी फोन उचलत नाही.

गाद्यांची पावती मंडळाच्याच नावाने घ्या, कारण वर्षअखेरीला पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला असं सीएंचं विनियोग प्रमाणपत्र द्यावं लागतं. सोबत सरावाचे फोटोही मागतात. आम्ही पाठवले. सीएसआर खात्याकडूनच मेल आला, "फोटोंमध्ये आमचा लोगो दिसत नाही." मी तो मेल ब्रँड टीमला पाठवून दिला.