पहाटेचा पवई तलाव आणि मैत्रिणीचा मीटर

पवईला आपण सगळे संध्याकाळी जातो, वारा खायला. या वेळी पहाटे गेले, कारण सोबतची मैत्रीण लिम्नॉलॉजी म्हणजे सरोवरशास्त्र शिकतेय आणि तिचं म्हणणं, तलावाची खरी तब्येत उजाडायच्या आत बघायची. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन बनवतं पण रात्री शेवाळ, मासे, गाळातले जिवाणू सगळेच तो संपवत बसतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. कांजुरमार्गला उतरून रिक्षा केली, गणेश घाटापाशी सोडलं.

तिने काठावरूनच ऑक्सिजन मोजायच्या मीटरची वायर पाण्यात सोडली, मग सेकी डिस्क काढली, दोरीला बांधलेली काळी-पांढरी थाळी. आंजेलो सेकी या इटालियन पाद्र्याने 1865 मध्ये समुद्राचं पाणी किती स्वच्छ ते बघायला अशीच, पण पांढरी थाळी वापरली होती. थाळी सोडत जायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. इथे ती हातभर पण गेली नाही, हिरव्या पाण्यात गडप. मी पाण्याकडेच बघत बसलेली, तर ती म्हणाली, "अगं, वर बघ जरा. नाले कुठून येतायत ते बघ, टेकड्या बघ, टॉवर बघ. तलाव तिथून सुरू होतो."

आणि खरंच आहे ते. फोरेल या स्विस माणसाने जिनिव्हाच्या सरोवरावर 1892 पासून ग्रंथ काढले, तोच या शास्त्राचा पाया, आणि त्यातसुद्धा भूगोल, रसायन, लाटा, मासे, काठावरची माणसं असं सगळं एकत्र आहे. पवईचंही तसंच. इंग्रजांनी 1891 च्या सुमाराला धरण बांधलं ते मुंबईला पिण्याचं पाणी द्यायला, पण पाणी पिण्यालायक राहिलं नाही. आता सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस येतं, त्यावर जलपर्णी माजते, ती कुजली की परत ऑक्सिजन जातो आणि गाळ वाढतो. म्हणजे मशीनने जलपर्णी काढत राहिलं तरी खत चालूच, ती परत येणारच.

तरी जीव आहेत! जलपर्णीवरून लांब बोटांची पाणकोंबडी चालत होती, जांभळी, लाल चोचीची. मगरीही आहेत इथे, त्यामुळे पाण्यात पाय घालायचा नाही. काठावरचा सायकल ट्रॅक हायकोर्टाने 2022 मध्ये बेकायदा ठरवला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, तो काठ या जीवांचाच आहे.

पावसाळ्यात तलाव भरून वाहिला की आपण फोटो टाकतो, पण ते पाणी मिठी नदीत जातं, तिथून माहीमच्या खाडीत, आपण सोडलेल्या सगळ्या घाणीसकट. मला विचाराल तर आधी प्रत्येक नाल्याचं सांडपाणी गटारलाईनला जोडा, मग मशीन आणा, आणि पहाटेचा ऑक्सिजनचा आकडा काठावरच बोर्डवर रोज लिहा, म्हणजे वारा खायला येणाऱ्यांनाही तो वाचता येईल.