समेच्या आधीची मात्रा: बार्डनट्रेफेनमध्ये बँडचे फोटो काढण्याचे माझे पहिले तीन दिवस

गेली दोन वर्षं माझा कॅमेरा जर्मनीतल्या एरलांगेनजवळच्या तळ्यांवर बगळे आणि बदकं टिपण्यात गेला. रंगमंचावर चालू असलेलं संगीत टिपायचं, हे बरेच दिवस मनात होतं, पण धीर होत नव्हता. या उन्हाळ्यात ठरवलं आणि शुक्रवार ते रविवार असे तिन्ही दिवस न्यूरेंबर्गच्या बार्डनट्रेफेनला गेले. त्या तीन दिवसांत काय जमलं आणि काय चुकलं, ते इथे लिहून ठेवतेय.

ज्यांना हा महोत्सव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बव्हेरियातल्या शाळांना उन्हाळी सुट्टी लागते, त्या सुमाराच्या शनिवार-रविवारला जोडून हा भरतो. जुन्या शहरातल्या चौकांमध्ये रंगमंच उभे राहतात, तिकीट नसतं, आणि मुख्य मंचांव्यतिरिक्त गल्लीबोळात, पुलांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर जिथे जागा मिळेल तिथे वादक उभे असतात. सुरुवात १९७६ सालची. हान्स झाक्स या कवी-गायकाला जाऊन तेव्हा ४०० वर्षं झाली होती, ते निमित्त. झाक्स व्यवसायाने चांभार. जोडे शिवता शिवता त्याने हजारो पदं रचली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपले गोरोबा कुंभार आणि सावता माळीच आठवले. हातातलं काम न सोडता गाणारी माणसं. तेव्हापासून या महोत्सवाबद्दल मला एक वेगळा जिव्हाळा आहे.

नवशिक्या छायाचित्रकाराला ही जागा फार सोयीची आहे. मोठ्या मैफलींत मंच आणि कठडा यांच्या मधल्या पट्ट्यात जायला मान्यतापत्र लागतं, आणि ते मिळालं तरी बहुतेक ठिकाणी पहिली तीनच गाणी टिपता येतात. इथे मी प्रेक्षकांतच उभी राहिले. लवकर गेलं तर कठड्यापाशी जागा मिळते आणि अख्खा कार्यक्रम हाताशी असतो.

सोबत निकॉन झेड ६ कॅमेरा आणि तीन लेन्स: २४-७० एफ ४, जुनी विकत घेतलेली ८५ एमएम एफ १.८ आणि पक्ष्यांसाठीची ७०-३००. कानात घालायला बोळे. कठड्यापाशी दोन तास उभं राहायचं असेल तर ते हवेतच. स्पीकर अगदी शेजारी असतो.

शुक्रवार

संध्याकाळी सहाला हाउप्टमार्क्टच्या चौकात पोचले. उजेड भरपूर होता. जुलैअखेरीस इथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. मी अगदी मधोमध, गायिकेच्या समोर जागा धरली. सगळ्यात चांगली जागा हीच, असं तेव्हा वाटत होतं.

त्या दिवशी ११४० फ्रेम झाल्या. घरी येऊन पाहिलं तर निम्म्याहून जास्त फोटोंत गायिकेचं तोंड माईकमागे गेलेलं. समोरून काढलं की माईकचा काळा गोळा बरोबर ओठांवर येतो आणि हनुवटीवर त्याची सावली पडते. दोन पावलं बाजूला सरकलं असतं तर माईक चेहऱ्यापासून सुटा दिसला असता. गायक माईक कुठल्या हातात धरतो ते पहिल्या गाण्यात बघून घ्यायचं आणि त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभं राहायचं, म्हणजे हाताचं कोपरही आड येत नाही. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी बाकी काही नाही तरी एवढं लक्षात ठेवावं.

दुसरी चूक मोठी होती. शेजारच्यांना खटखट आवाजाचा त्रास नको म्हणून मी सायलेंट शटर लावलं होतं. दिवसाउजेडी काही जाणवलं नाही. अंधार पडून मंचावरचे एलईडी दिवे लागले आणि प्रत्येक फोटोवर आडवे पट्टे उमटायला लागले, एक उजळ, एक काळपट, जणू पट्ट्यापट्ट्याची सतरंजी. कारण साधं आहे. सायलेंट शटरमध्ये सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, आणि माझ्या कॅमेऱ्यात सगळ्या ओळी वाचून व्हायला सेकंदाचा साधारण विसावा भाग लागतो. एलईडी तेवढ्या वेळात कितीतरी वेळा उघडझाप करतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण प्रत्येक ओळीला वेगळा उजेड मिळतो. मेकॅनिकल शटरचा पडदा याच्या कितीतरी पट वेगाने सरकतो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर पट्टे नीट दिसले नाहीत आणि मी झूम करून पाहिलं नाही. साडेनऊनंतरचे सगळे फोटो गेले. शेवटचा बँड मला सगळ्यांत जास्त आवडला होता, म्हणून जास्त वाईट वाटलं. आता अंधार पडला की पहिली फ्रेम काढून शंभर टक्के मोठी करून बघायची, हे मी स्वतःला लावून घेतलं आहे.

तिसरा धडा लाल उजेडाचा. नुसत्या लाल एलईडीत चेहरा असेल तर साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, अगदी शहाण्यासारखा मधोमध बसतो, आणि तरीही लाल चॅनल भरून वाहत असतो. गालाची त्वचा, घाम, सुरकुती सगळं जाऊन एक सपाट लाल थर उरतो, गेलेलं रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने जशीच्या तशी साठवलेली मूळ फाइल) परत येत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावला तेव्हा हे कळलं. एक्स्पोजर एक-सव्वा स्टॉप खाली घ्यायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), किंवा सरळ थांबायचं. दिवे सतत बदलत असतात, मिनिटभरात पांढरा येतोच.

रात्री झोपायच्या आधी तीन बरे फोटो साताऱ्याला बाबांना पाठवले.

शनिवार, सकाळ

बाबांचा फोन आला. त्यांनी तीसेक वर्षं तबला शिकवला, माझाही हात त्यांच्याकडेच बसला. कॅमेऱ्यातलं त्यांना काही कळत नाही असं ते स्वतःच म्हणतात.

"अगं, ड्रमवाल्याचा फोटो बघितला. छान आहे. पण तो आघात झाल्यानंतरचा आहे."

"म्हणजे, बाबा?"

"काठी खाली येऊन टेकलीय. मान पण खाली गेलीय. सम होऊन गेली, मग तू बटण दाबलंस. समेच्या आधीची मात्रा धर. हात वर असतो, चेहऱ्यावर सगळं तिथे असतं. तिहाई संपत आली की श्रोत्यांकडे बघ, सगळे पुढे झुकलेले असतात. सम आली की सगळे सैल पडतात."

"पण मला आधी कसं कळणार?"

"मोज की. तुला मोजता येतं ना?"

सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, आणि तिहाई म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा. दिवसभर बाबांचं ते वाक्य डोक्यात होतं. हिशेबही करून पाहिला. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर. डोळ्याने बघून बोट दाबायला पाव सेकंद सहज जातो. म्हणजे काठी वर गेलेली दिसल्यावर दाबलं तर फोटोत ती खालीच आलेली असणार. बघून दाबायचं असेल तर मी कायम उशिरा पोचणार. ऐकून दाबायला हवं.

शनिवार, दुपार आणि संध्याकाळ

पेग्नित्स नदीवरच्या पुलावर चौघे वाजवत होते: अकॉर्डियन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ट्यूबा. ऊन डोक्यावर, डोळ्यांखाली काळ्या सावल्या, फोटोला सगळ्यात वाईट उजेड. पण मला उजेडाचा सराव करायचाच नव्हता. दोन गाणी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून नुसतं मोजत उभी राहिले. आठ-आठ मात्रांचे चार तुकडे, मग क्लॅरिनेट एकटा, मग सगळे एकदम. तिसऱ्या गाण्याला कॅमेरा उचलला.

ट्यूबावाल्याकडे बघत राहिले तेव्हा एक गोष्ट दिसली, ती इतकी साधी की आदल्या दिवशी कशी दिसली नाही याचं नवल वाटलं. श्वास घेण्याआधी त्याच्या भुवया वर जातात. आधी भुवया, मग खांदे, मग ओठांचे कोपरे माउथपीसपासून किंचित सुटतात, छाती भरते, आणि मग तो खोल सूर. भुवया ते सूर साधारण एक मात्रा. फुंकत असताना गाल फुगलेले आणि डोळे बारीक होतात, सगळेच वादक थोडेफार सारखे दिसतात. त्या आधीच्या श्वासात मात्र माणूस दिसतो. चेहरा उघडा असतो, डोळे सोबत्याकडे असतात, सगळं मनात तयार असतं आणि अजून वाजलेलं नसतं. त्या एका माणसाचे मी चाळीस फोटो काढले, त्यांतले सात ठेवले. गाणं संपल्यावर त्याला स्क्रीनवर दाखवले. त्याने आपल्या भुवयांना बोट लावून पाहिलं आणि अकॉर्डियनवाल्याला बोलावलं.

संध्याकाळी सेंट काथारिनाच्या भग्न चर्चमध्ये गेले. १९४५च्या बॉम्बवर्षावात याचं छप्पर गेलं. वालुकाश्माच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत, वर मोकळं आकाश. याच चर्चमध्ये पूर्वी मायस्टरझिंगर, म्हणजे झाक्सच्या परंपरेतले कारागीर-गायक, गायला जमत. गवत-दगडांत बसून ऐकताना हे सारखं मनात येत होतं.

इथला उजेड फार सुंदर मिळाला. सूर्य मावळून थोडा वेळ झाल्यावर आकाश निळं आणि भिंतीवर मंचाच्या दिव्यांचा पिवळा रंग, दोन्ही जवळजवळ सारख्याच ताकदीचे. ही पंधरा-वीस मिनिटं असतात, ती चुकवू नका. ८५ एमएम, एफ २, १/३२०, आयएसओ १६००. मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) हायलाइट-वेटेड, म्हणजे उजळ भागाला महत्त्व देणारं ठेवलं, त्यामुळे मागचा अंधार बघून कॅमेरा चेहरा पांढरा करत नाही. एक गायिका आणि तिच्या शेजारी डफासारखं वाद्य घेतलेला एक वादक, दोघेच. तो वाजवताना डावा अंगठा चामड्याच्या कडेला दाबून सूर वर-खाली करत होता. मी हातांवर फोकस ठेवून मोजत राहिले. त्याचा ताल सातांचा होता, तीन-दोन-दोन, अगदी आपल्या रूपकासारखा. रूपक लहानपणापासून हातात बसलेला, त्यामुळे सातवी मात्रा आली की बोट आपोआप दाबलं जात होतं. उजवा हात हवेत, बोटं पसरलेली, आणि गायिकेची नजर त्या हाताकडे. तो फोटो मिळाला तेव्हा मला स्क्रीनवर बघावंसुद्धा लागलं नाही.

दिवसाच्या ४१० फ्रेम. त्यांतल्या ३१ ठेवल्या. शुक्रवारी ११४० मधून ९ राहिल्या होत्या.

रविवार

दुपारी पाऊस. लोरेन्त्सर प्लाट्झच्या चौकात छत्र्यांची गर्दी, त्यामुळे मंच अर्धा झाकला गेला. मी वळून प्रेक्षकांकडे पाहिलं, बाबांनी सांगितल्याप्रमाणे. ड्रमचा लांबलचक रोल चालू असताना पहिल्या रांगेतले सगळे श्वास रोखून पुढे झुकलेले, आणि रेनकोटातली एक आजी दोन्ही हात वर धरून टाळीसाठी थांबलेली. इथे एक सांगायला हवं. जर्मनीत ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो प्रसिद्ध करायचा तर तिची संमती लागते, हा नियम १९०७च्या कायद्यापासून आहे. गर्दीच्या दृश्याला सवलत आहे, पण एका चेहऱ्यावर रोखलेला फोटो निराळा. मी आजींना जाऊन विचारलं. त्यांनी फोटो नीट पाहिला, मला पाठवा म्हणाल्या, पण कुठे लावू नका. म्हणून तो इथे नाही. फक्त त्यांना पाठवला.

बाबांना डफवाल्याचा फोटो पाठवला. उलट फोन आला आणि त्यांनी एवढंच विचारलं, "सातवी ना?"

पुढचा सराव गावच्या केर्वात. फ्रांकेनमध्ये, म्हणजे बव्हेरियाच्या या उत्तर भागात, उन्हाळाभर गावोगाव या जत्रा असतात आणि तंबूत ब्रास बँड वाजतो. तिथे ८५ लांब पडेल, म्हणून एक ३५ एमएम शोधतेय. आणि डिसेंबरात पुण्याला आले की सवाई गंधर्वला जायचं आहे, फक्त ऐकायला. आमच्या घरी सतीश पाकणीकरांनी टिपलेल्या गायक-वादकांची दिनदर्शिका वर्षानुवर्षं भिंतीवर असायची. परवा व्हिडिओ कॉलवर ती जुनी पानं आईला एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरायला लावली आणि प्रत्येक फोटो कुठल्या क्षणी घेतला असेल त्याचा अंदाज बांधत बसले.

तंबूतल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात ब्रास बँड टिपलेला कोणी असेल, तर शटरचा वेग किती ठेवला होतात ते जरूर सांगा. पितळेवरचं चकाकतं प्रतिबिंब पांढरंफटक होऊ न देता चेहरा कसा उजळ ठेवायचा, हे मला अजून नीट जमलेलं नाही.