मोगऱ्याचा कॅन्डल जार: टनेलिंग सुटलं, आता पंख्याचं काय करायचं

मागच्या वेळी फोटो टाकलेला तो मोगऱ्याच्या वासाचा, सोया मेणाचा कॅन्डल जार काल रात्री शेवटी काठापासून काठापर्यंत वितळला, सपाट, आरपार मेल्ट पूल! म्हणून लगेच लिहायलोय.

नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पहिल्या बर्नला व्यासाच्या दर इंचामागं एक तास, म्हणजे ह्या तीन इंची जारला तीन तास, आणि सलग चारच्या वर जायचं नाही. सगळं पाळलं तरी मधोमध विहीर पडत गेली आणि कडेला बोटभर मेण जसंच्या तसं, हेच ते टनेलिंग. बाहेर परभणीत पारा ४२ वर, मेण हाताला मऊ लागायलंय, आणि तेच मेण कडेला वितळेना म्हणजे काय! विक म्हणजे वात बदला असं लई जणांनी सुचवलं, पण माझं मत पक्कं झालंय, कारण पंखाच. मे महिन्यात पंखा-कूलर बंद करून कोण बसतं, आणि वारा लागला की ज्योत एकीकडं लवते, तिकडची काच तापते, दुसरी कड गारच राहते. शिवाय फडफडणारी ज्योत नीट जळत नाही, काजळी धरते. जारच्या एकाच बाजूला काळा पट्टा आला तो त्यामुळंच.

मग पोळ्या गुंडाळायचा फॉइल दुहेरी करून जारच्या तोंडाला कॉलर केली, मधी दीडेक इंच उघडं ठेवलं, विक ५-६ मिलिमीटरवर कापली, वातीच्या टोकाला जमलेला काजळीचा गोळा, म्हणजे मशरूम, काढून टाकला, कूलर बंद केला आणि समोरच बसून राहिलो. आधी कडेचं पांढरं मेण ओलसर दिसू लागलं, मग काचेलगत एक पारदर्शक रेघ फिरत फिरत पूर्ण गोल झाली, आणि खोलीभर असा मोगरा सुटला की आई आतून विचारती, गजरा कुणी आणला म्हणून! फॉइल ज्योतीला टेकू द्यायचा नाही आणि काढताना चिमटाच घ्यायचा, काठ चांगलाच तापतो. विझवताना फुंकर न मारता वाकवलेल्या तारेनं विक मेणात बुडवून परत सरळ केली, धूर अजिबात नाही.

विक कापायचा ट्रिमर मात्र घ्याच, जार अर्ध्यावर आला की साधी कात्री आत पोचत नाही. आणि कोकोनट-सोया ब्लेंड उन्हाळ्यात कुरिअरनं मागवू नका, माझा तिरपा वितळून आला, वर तेलाचे थेंब. असा जार फ्रिजमध्येही नको, मेण आकसून तडे जातात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात अंधारात ठेवा.

पुढचा बेत खसचा दोन विकचा जार ओतायचा होता, पण लिहिता लिहिताच वाटायलंय की आधी वॉर्मर लॅम्प घ्यावा. वरून बल्बची उष्णता, ज्योतच नाही, म्हणजे पंख्यानं लवायचं काही कारणच नाही. लाइट गेली की लॅम्प बंद पडणार खरा, पण तेव्हा पंखाही बंदच असतो की! मग त्या वेळेला खरी कॅन्डल लावायची, पडद्यापासून लांब, फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात, आणि तळाला अर्धा इंच मेण राहिलं की तो जार बाद. लॅम्पनं मेण जळत नाही, नुसता वास उडत जातो, म्हणून वरचा थर अधूनमधून ओतून टाकावा लागेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ५० वॅटचा बल्ब जास्त होतो का, कमी वॅटचा कुणी लावून बघितला असेल तर सांगा, त्याशिवाय ऑर्डर करत नाही.