‘सॅफायर ब्लू’: ल्यूकस अखेर तक्त्यात बसला

जुळलं एकदाचं! केर्स्टिन गीअरच्या ‘रुबी रेड’, ‘सॅफायर ब्लू’, ‘एमराल्ड ग्रीन’ या काळप्रवासाच्या तीन कादंबऱ्यांतल्या घटनांचा मी तक्ता आखते आहे. मागच्या नोंदीत त्यातल्या ल्यूकसपाशी, म्हणजे नायिकेच्या आजोबांपाशी, गाडी अडली होती, ती काल रात्री सुटली. दुसऱ्या भागातलं बरंच पुढे उघड होणार आहे, तेव्हा अजून ‘रुबी रेड’वरच असाल तर इथेच थांबा.

भानगड अशी होती. नायिका ग्वेनडोलिन आपसूक भूतकाळात उडी घेते. भलत्या वेळी उडी लागू नये म्हणून तिला रोज काही तास क्रोनोग्राफने, म्हणजे काळप्रवासाच्या यंत्राने, जुन्या, सुरक्षित काळात पाठवतात. त्यातल्या एका खेपेला ती १९४८च्या तळघरात पोचते, तर समोर तिचेच आजोबा ल्यूकस, ऐन तारुण्यातले! मग १९५६मध्ये पुन्हा भेट. तिच्या लेखी मधे थोडेच दिवस गेलेत, त्याच्या लेखी आठ वर्षं. आणि पहिल्या भागात तर आजोबा केव्हाच वारलेले. म्हणजे पुढे नात जन्मली तेव्हा त्यांना सगळं ठाऊकच होतं! सनावळीने आखलेल्या तक्त्यात हे काही केल्या मावेना. १९४८च्या चौकटीत ग्वेन सोळा वर्षांची आणि तिचा जन्म पार उजव्या टोकाला. बाणांवर बाण चढून कागद काळा झाला.

शेवटी नागपूरच्या महाल भागातून ट्रेसिंग पेपर आणला आणि माणसागणिक वेगळा कागद केला. प्रत्येकाची रेघ त्याच्या स्वतःच्या वयाने. ल्यूकसच्या कागदावर १९४८, १९५६, नातीचा जन्म, मृत्यू. ग्वेनच्या कागदावर फक्त तिचे हे धावपळीचे दिवस. दोन्ही कागद १९४८च्या भेटीवर टाचणीने टोचले, मग टाचणी काढून ग्वेनचा कागद १९५६वर सरकवला. तिला कधी काय कळलं आणि त्याला कधी, दोन्ही डोळ्यांसमोर! कुठेही विसंगती नाही. केर्स्टिन गीअरने वीण फार पक्की घातली आहे.

ट्रेसिंगवर जेल पेन वापरू नका, पसरतं. टू-बी पेन्सिलच बरी. आणि मालिका घ्यायची तर तिन्ही भाग एकदम घ्या. मला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत तिसरा आधी मिळाला, दुसरा ऑनलाइन मागवला तर कोपरे दुमडून आला.

झेमेरियस मात्र निव्वळ आनंद आहे. ते दगडी भूत फक्त ग्वेनलाच दिसतं, त्यामुळे गंभीर प्रसंगातही त्याची बडबड तिला एकटीलाच सोसावी लागते. १७८२मधल्या मेजवानीत पंच पिऊन ती गाते, ते प्रकरण मी कूलरसमोर बसून लागोपाठ दोनदा वाचलं. मूळ जर्मन, पण अँथिया बेलच्या इंग्रजीत संवाद कुठे अडखळत नाहीत. ‘ॲस्टेरिक्स’ या फ्रेंच कॉमिक्सचे विनोद इंग्रजीत आणणारी हीच बाई, ते जाणवतं.

रविवारपासून ‘एमराल्ड ग्रीन’ घेणार होते. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं, काळप्रवाशांच्या गुप्त संघटनेचा संस्थापक काउंट सेंट जर्मेन, त्याचा कागद केलाच नाही! त्याच्या आणि ग्वेनच्या भेटींचा क्रम दोघांच्या बाजूने सारखाच आहे, हे मी आतापर्यंत गृहीतच धरलं. तसं नसेल तर त्याच्या अर्ध्या बोलण्याचा अर्थ बदलतो. तेव्हा तिसरा भाग लांबला. आधी ‘रुबी रेड’मधली त्याची भेट पुन्हा वाचते.

क्रोनोग्राफ घेऊन भूतकाळात पळालेल्या लूसी आणि पॉलचे कागद कुणी केले असतील तर १९१२ची भेट कुठे टोचलीत तेवढं सांगा. तिसऱ्या भागातलं मात्र अवाक्षर नको.